पन्नास सेंटची अट : आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यातील एका लसीचे प्रकरण

मेंदूज्वराविरुद्ध एका मात्रेला ५० अमेरिकी सेंटपेक्षा कमी किमतीची लस बनवण्याचे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचे हे प्रकरण २००१ ते २०२४ या काळातील असून ते मुख्यतः बुर्किना फासो, माली, नायजर, चाड आणि बेनिन या देशांत घडले. त्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्याजवळच्या हडपसरशी जोडलेला आहे. संस्था आणि देश यांची नावे दिली असली तरी निर्णय घेणाऱ्या आणि गावोगाव लस नेणाऱ्या व्यक्तींची नावे येथे जाणीवपूर्वक दिलेली नाहीत. निर्णय कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या क्रमाने घेतले गेले, हे समजून घेणे हा या मांडणीचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत एक रुंद पट्टा जातो. फ्रान्सच्या एका लष्करी डॉक्टरने १९६३ मध्ये या प्रदेशाचे वर्णन ‘मेंदूज्वर पट्टा’ असे केले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. आज या पट्ट्यात २६ देशांचा संपूर्ण अथवा काही भाग मोजला जातो. येथे साधारण डिसेंबरपासून जूनपर्यंत कोरडा ऋतू असतो, ईशान्येकडून हरमॅटन नावाचा धुळीने भरलेला वारा वाहतो, रात्री गारठा असतो आणि माणसे लहान खोल्यांत दाटीने झोपतात. या मेंदूज्वराला कारणीभूत असणारा मेनिंगोकोकस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या घशात काहीही त्रास न देता राहत असतो. कोरड्या हवेने घशाचे अस्तर दुखावले की तो रक्तात आणि तेथून मेंदूच्या आवरणात शिरण्याची शक्यता वाढते. पहिला चांगला पाऊस पडला की साथ ओसरते, हे तेथील आजी-आजोबांनाही अनुभवाने ठाऊक असते.

या जिवाणूचे अनेक गट आहेत. पट्ट्यातील मोठ्या साथींमागे मुख्यतः ‘ए’ गट असे आणि मेनिंगोकोकसच्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण त्याचेच असत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे २५,००० दगावली. वेळेवर उपचार मिळाले तरी दहापैकी एक रुग्ण वाचत नाही. जे वाचतात त्यांच्यातील दहा ते वीस टक्के लोकांना बहिरेपण, फिट्स किंवा मेंदूची कायमची इजा सोसावी लागते. बहिऱ्या झालेल्या मुलाची शाळा बहुधा तिथेच संपते. बुर्किना फासोमध्ये २००६-०७ च्या सुमारास झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, एका रुग्णामागे कुटुंबाला सरासरी सुमारे ९० डॉलर खर्च करावे लागत होते, आणि ही रक्कम त्या देशातील दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाइतकी होती. उपचार सरकारी धोरणानुसार मोफत असतानाही प्रवास, तपासण्या, बाहेरची औषधे आणि बुडालेली मजुरी यांतून हा खर्च होत होता.

समस्या

साथ आली की काय करायचे याची एक पद्धत बसलेली होती. जिल्ह्यातील दर आठवड्याच्या रुग्णसंख्येवर लक्ष ठेवायचे, ठरलेला उंबरठा ओलांडला गेला की लस मागवायची आणि त्या जिल्ह्यात तातडीची मोहीम घ्यायची. लसींच्या तुटपुंज्या साठ्याचे वाटप नीट व्हावे म्हणून १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस महासंघ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी मिळून एक समन्वय गटही स्थापन केला होता. रुग्णांसाठी तेलातील क्लोरॅम्फेनिकॉलचे एक इंजेक्शन देण्याची स्वस्त आणि सोपी उपचारपद्धतीही होती.

तरीही ही सगळी व्यवस्था साथीच्या मागे धावणारी होती. नमुना तपासून लस गावात पोहोचेपर्यंत काही आठवडे जात आणि तोवर साथीचा कळस बहुधा होऊन गेलेला असे. त्याहून मोठी अडचण खुद्द लसीची होती. तेव्हाची लस जिवाणूच्या शर्करेच्या आवरणापासून बनवलेली होती. दोन वर्षांखालील बाळांमध्ये ती फारशी चालत नसे, मोठ्यांमध्येही तिचा प्रभाव दोन-तीन वर्षांत ओसरे आणि घशातील जिवाणू ती हटवू शकत नसे. त्यामुळे दर काही वर्षांनी तीच साथ, तेच तंबू आणि तेच दफन पुन्हा वाट्याला येई.

उपाय अज्ञात नव्हता. शर्करेचे आवरण एखाद्या प्रथिनाला रासायनिकरीत्या जोडले, तर बाळाचे शरीरही ते ओळखते आणि दीर्घकाळ लक्षात ठेवते. अशा लसीला संयुग्म लस म्हणतात. ब्रिटनने १९९९ मध्ये ‘सी’ गटाविरुद्ध अशी लस देशभर वापरली तेव्हा लस न घेतलेल्यांमधील आजारही घटला, कारण घशातील जिवाणूच कमी झाले. आफ्रिकेसाठीही ए आणि सी गटांविरुद्धच्या संयुग्म लसींची चाचणी १९९० च्या दशकात झाली होती, परंतु पैसे देऊ शकणारी बाजारपेठ नसल्यामुळे कंपन्यांनी ते काम अर्ध्यावर सोडून दिले. ज्ञान उपलब्ध होते आणि गरज समोर दिसत होती, पण त्या दोहोंना जोडणारा खरेदीदार कुठेच नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

२००१ मध्ये ‘पाथ’ ही अमेरिकेतील ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरच्या अनुदानातून ‘मेनिंजायटिस लस प्रकल्प’ सुरू केला. प्रकल्पाच्या पथकाने सुरुवातीलाच पट्ट्यातील देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी चर्चा केली. एका अधिकाऱ्याने त्यांना बजावले की, आम्हाला परवडणार नाही अशी लस आणू नका, ती लस नसण्यापेक्षाही वाईट ठरेल. या बोलण्यातून किंमत हीच पहिली अट बनली. लसीची एक मात्रा ५० सेंटपेक्षा कमी किमतीत मिळाली पाहिजे, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण तेवीस-चोवीस रुपयांत. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय माझ्या मते हाच आहे, कारण पुढचा प्रत्येक पर्याय या एका अटीवर घासून पाहिला गेला. एरवी लस आधी बनते, खर्च मोजला जातो आणि मग गरीब देशांसाठी सवलत शोधली जाते. येथे तो क्रम उलटा झाला.

पहिला पर्याय प्रस्थापित बड्या उत्पादकाकडे जाण्याचा होता. त्यांच्याकडे तंत्र, कारखाना आणि अनुभव असे सगळे होते. मात्र त्या किमतीला उत्पादन करण्याची तयारी कोणाची नव्हती आणि वाटाघाटी फिसकटल्या. दुसरा पर्याय किमतीची अट सैल करून देणगीदारांकडून वर्षानुवर्षे अनुदान मिळवण्याचा होता. यात काम लवकर सुरू झाले असते, पण देणगी आटली की लसही आटली असती. तिसरा पर्याय सर्वांत खडतर होता. लसीचे सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवायचे, जोडणीचे तंत्र विकत किंवा परवान्याने घ्यायचे आणि कमी खर्चात उत्पादन करू शकणारी एखादी विकसनशील देशातील संस्था शोधून तिच्याकडे ते सोपवायचे.

चौथा प्रश्न लसीच्या व्याप्तीचा होता. फक्त ए गटाविरुद्ध लस बनवायची की सी, डब्ल्यू आणि वाय हे गटही त्यात घ्यायचे? एकाच गटाची लस बनवायला सोपी, स्वस्त आणि लवकर तयार होणारी होती. बहुगटीय लस अधिक सुरक्षित भविष्य देणारी होती, पण ५० सेंटच्या अटीत ती बसत नव्हती. तेव्हा ए गटाचे प्राबल्य इतके स्पष्ट होते की निर्णय एकगटीय लसीच्या बाजूने झाला. या निर्णयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

निर्णय आणि कृती

तिसरा पर्याय निवडला गेला. ए गटाची शर्करा ॲमस्टरडॅममधील एका जैवतंत्र कंपनीकडून घ्यायची, ती प्रथिनाला जोडण्याचे नवे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून मिळवायचे आणि उत्पादन पुण्याजवळच्या हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूटकडे द्यायचे, अशी रचना ठरली. जोडणीसाठी लागणारे प्रथिन, म्हणजे धनुर्वाताचे टॉक्सॉइड (निर्विष केलेले जिवाणूचे विष), सीरम इन्स्टिट्यूट मोठ्या प्रमाणात आधीपासूनच बनवत होती. संस्थेने किमतीची अट मान्य केली आणि तिचे शास्त्रज्ञ अमेरिकेतील प्रयोगशाळेत जाऊन ते तंत्र शिकून आले. प्रयोगशाळेतील काही ग्रॅमवर साधलेली प्रक्रिया कारखान्याच्या प्रमाणात उतरवणे हे काम वेळखाऊ असते, आणि त्यात काही वर्षे गेली. एकूण विकासखर्च १० कोटी डॉलरच्या आत राहिला.

चाचण्यांची आखणी करताना इतिहासाचे ओझे होते. १९९६ च्या साथीत नायजेरियातील कानो येथे एका बहुराष्ट्रीय कंपनीने आजारी मुलांवर केलेल्या औषधचाचणीवरून मोठा वाद पेटला होता आणि उत्तर नायजेरियात लसींविषयीही संशय रुजला होता. त्यामुळे पहिली चाचणी २००५ मध्ये उत्पादक देशात, म्हणजे भारतात, प्रौढांवर घेण्यात आली. त्यानंतर २००६ पासून माली आणि गाम्बिया येथे लहान मुलांवर आणि पुढे सेनेगल व घाना येथेही चाचण्या झाल्या. आफ्रिकेतील संशोधन केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि स्थानिक भाषेत पालकांना समजावून संमती घेणारे कार्यकर्ते या चाचण्यांचा कणा होते. बाळांच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे जुन्या लसीच्या तुलनेत जवळजवळ वीसपट असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. सप्टेंबर २००८ मध्ये कॅमेरूनची राजधानी याउंडे येथे पट्ट्यातील देशांच्या प्रतिनिधींनी ही लस आणण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांना लस खरेदी करण्यासाठी लागणारी गुणवत्तेची मान्यता, मिळाली.

आता प्रश्न होता तो लस कोणाला आणि कशी द्यायची याचा. पुन्हा साथीमागे धावायचे नाही, हे ठरले होते. घशातील जिवाणूच नाहीसा करायचा असेल तर तो जेथे राहतो त्या वयोगटाला, म्हणजे १ ते २९ वर्षांच्या सर्वांना, एकाच वेळी एक मात्रा द्यावी लागणार होती. पट्ट्यातील देशांत हा वयोगट म्हणजे सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या. पल्स पोलिओची आठवण असलेल्या आपल्या वाचकांना मोहिमेचा आवाका कळेल, पण एक फरक लक्षात घ्यावा लागेल. तेथे तोंडात दोन थेंब नव्हे, तर इंजेक्शन द्यायचे होते, आणि तेही शेतावर किंवा बाजारात असलेल्या तरुणांना.

सप्टेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजर येथील निवडक जिल्ह्यांत आधी सुरक्षिततेची पडताळणी झाली. नंतर देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले. माली आणि नायजरने मोहीम टप्प्याटप्प्याने घेतली. बुर्किना फासोने मात्र संपूर्ण देश एकाच दमात घ्यायचे ठरवले. यात धोका होता, कारण दहा दिवसांत सुया, कुप्या, वाहने आणि शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) यांपैकी एक कडी जरी तुटली तरी मोहीम फसली असती. परंतु टप्प्यांमध्ये लस न घेतलेल्या जिल्ह्यांतून जिवाणू परत येण्याची शक्यता राहिली असती. ६ डिसेंबर २०१० रोजी राजधानी वागाडुगू येथे मोहीम सुरू झाली आणि सुमारे दहा दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांना लस दिली गेली. दवंडी पिटणारे, शाळाशिक्षक, इमाम, पाद्री आणि गावपातळीवरचे स्वयंसेवक यांच्याशिवाय हा आकडा गाठणे शक्य नव्हते.

बर्फाचा प्रश्न

या प्रकरणातील एक निर्णय बाहेरून लहान दिसतो, पण लस घेऊन पायी चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो मोठा आहे. इतर लसींप्रमाणे या लसीच्या वेष्टनावरही ‘२ ते ८ अंश’ असेच लिहिलेले होते. ज्या जिल्ह्यात वीज नाही तेथे याचा अर्थ होतो रोज आइसपॅक गोठवणे, रोज रात्री केंद्रावर परतणे आणि सकाळी पुन्हा तेवढेच अंतर तुडवणे. दूरच्या वस्तीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे जाणे यात बसत नाही.

प्रत्यक्षात ही लस उष्णतेला बरीच टिकाऊ होती. स्थिरतेची माहिती पुन्हा तपासून आणि नियामकांची मान्यता घेऊन २०१२ च्या अखेरीस वेष्टनावरील सूचना बदलण्यात आली. ४० अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त चार दिवस लस बर्फाशिवाय वापरता येईल, असे ठरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बेनिनमधील बानिकोआरा जिल्ह्यात ही पद्धत प्रथम वापरली गेली. लस नेणाऱ्या डब्यात तापमान मर्यादेबाहेर गेल्यास रंग बदलणारी पट्टी ठेवली होती आणि प्रत्येक कुपीवर उष्णता दाखवणारा ठिपका होता. त्या जिल्ह्यात सुमारे दीड लाख लोकांना लस दिली गेली. मुदत उलटल्याने फेकाव्या लागलेल्या कुप्यांचे प्रमाण नगण्य राहिले, आणि लस देणाऱ्यांनी हीच पद्धत पुढे हवी असे सांगितले. चाडच्या मोहिमेचा हिशेब मांडणाऱ्या एका अभ्यासानुसार या पद्धतीमुळे लस पोहोचवण्याचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

परिणाम

बुर्किना फासोमध्ये पुढच्या कोरड्या ऋतूत ए गटाचे पुष्टी झालेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच आढळले आणि त्यांच्यापैकी कोणीही लस घेतलेली नव्हती. लसीकरणानंतर घशातील नमुन्यांची मोठी पाहणी झाली. वीस हजारांहून अधिक नमुन्यांत ए गटाचा जिवाणू एकदाही सापडला नाही. चाडमध्ये अजाणता एक तुलनाच घडून आली. २०१२ च्या साथीआधी राजधानी एन्जामेना आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशात सुमारे १८ लाख लोकांना लस मिळाली होती, उरलेल्या देशाला मिळालेली नव्हती. लस मिळालेल्या भागात मेंदूज्वराचे प्रमाण न मिळालेल्या भागापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी आढळले. लस बाळांमध्येच नव्हे, तर सगळ्या समाजात काम करते याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित हाती लागतो. पण त्या उरलेल्या प्रदेशातील रुग्णांच्या दृष्टीने तो पुरावा उशिरा मिळालेल्या लसीचाही आहे, हे विसरता येत नाही.

आणखी एक लाभ कोणी फारसा गृहीत धरलेला नव्हता. लसीत धनुर्वाताचे टॉक्सॉइड असल्यामुळे लस घेतलेल्यांमध्ये धनुर्वाताविरुद्धचे संरक्षणही वाढले. डिसेंबर २०१२ मध्ये लस घेणाऱ्यांची संख्या १० कोटींवर गेली आणि पुढील काही वर्षांत ती ३० कोटींच्या पुढे पोहोचली. २०१७ नंतर पट्ट्यात ए गटाच्या मेंदूज्वराचा एकही पुष्टी झालेला रुग्ण नोंदला गेलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा बर्फाचा आहे. उष्णतेतील टिकाऊपणाची तपासणी आणि त्यासाठीची मान्यता लसीच्या मूळ परवान्याबरोबरच मागितली असती, तर पहिल्या दोन वर्षांतील मोहिमा निम्म्या दगदगीत पार पडल्या असत्या. पहिल्या १० कोटी मात्रांपैकी जवळजवळ सगळ्या बर्फात वाहून नेल्या गेल्या. किंमत ठरवताना आरोग्य अधिकाऱ्यांना विचारले गेले होते. त्याच वेळी लस प्रत्यक्ष वाहून नेणाऱ्या परिचारिकेलाही विचारले असते, तर हा प्रश्न आधी पुढे आला असता, असे मला मनापासून वाटते.

दुसरा मुद्दा मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांचा आहे. दरवर्षी लस न घेतलेली नवी बाळे वाढत जातात, आणि नियमित लसीकरणात ही लस आली नाही तर साधारण पंधरा वर्षांत मोठी साथ परत येऊ शकते, असे गणिती प्रतिमानांनी दाखवले होते. बाळांसाठीच्या कमी मात्रेच्या लसीला मान्यता, देशांची अर्थव्यवस्था आणि लसीकरणाचे वेळापत्रक यांतून वाट काढत बुर्किना फासोच्या नियमित कार्यक्रमात ही लस २०१७ मध्ये आली. मधल्या सहा वर्षांची उणीव भरून काढण्यासाठी वेगळी मोहीम घ्यावी लागली. मोहिमेचे नियोजन करतानाच नियमित लसीकरणाची तारीख आणि निधी ठरवणे शक्य होते.

तिसरा आणि सर्वांत अवघड मुद्दा एकगटीय लसीचा. ए गट मागे हटल्यावर इतर गट पुढे आले. २०१५ मध्ये नायजरमध्ये सी गटाची मोठी साथ आली, त्यात ८,५०० हून अधिक रुग्ण आढळले आणि पाचशेहून अधिक माणसे दगावली. २०१७ मध्ये नायजेरियात त्याच गटामुळे अकराशेहून अधिक मृत्यू झाले. तेव्हा सी गटाच्या लसीचा जगभर तुटवडा होता, आणि देश पुन्हा साथीमागे धावण्याच्या जुन्याच अवस्थेत आले. मग २००१ मधील निर्णय चुकला का? माझे मत तसे नाही. बहुगटीय लसीची वाट पाहिली असती तर ए गटाच्या आणखी काही साथी येऊन गेल्या असत्या आणि ती लस ५० सेंटला मिळालीही नसती. मात्र एकगटीय लस हातात येताच, म्हणजे २०१० मध्येच, बहुगटीय लसीचे काम पूर्ण ताकदीने आणि पुरेशा निधीनिशी सुरू व्हायला हवे होते. यशाच्या भरात इतर गटांवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांनाही तितके बळ मिळाले नाही.

ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांविरुद्धची लस पुढे पाथ आणि सीरम इन्स्टिट्यूट यांनीच बनवली. तिला जुलै २०२३ मध्ये पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात प्रथम वापरली. तेव्हा तिची किंमत मात्र एका मात्रेला सुमारे ३ डॉलर होती, म्हणजे पहिल्या अटीच्या सहापट. पट्ट्यातील देशांना आता हीच लस ए गटाच्या लसीच्या जागी नियमित कार्यक्रमात आणायची आहे. त्यासाठी त्यांच्या आरोग्य मंत्रालयांना आपल्या अंदाजपत्रकात किती वाटा उचलता येईल, हा प्रश्न उरतो, आणि दर वर्षी डिसेंबरमध्ये हरमॅटन वाहू लागला की त्या प्रश्नाची मुदत पुन्हा जवळ येते.